पुढे जायचा एकच गिअर

“बंद! इंजिन बंद!” समोर उभा असलेला मेहुणा दोन्ही हात हलवत ओरडला, तशी ड्रायव्हरने किल्ली फिरवली.

लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवलेल्या गाडीची चाकं हवेत फिरत फिरत थांबली. मागची दोन पुढच्या दिशेने फिरत होती, ते बरोबरच होतं. पण पुढची दोन फिरत होती मागच्या दिशेने. आठ महिने राबून दोघांनी जी गाडी उभी केली, तिची मागची बाजू स्पर्धेला निघाली होती आणि पुढची घरी परत.

स्पर्धा रविवारी होती, जुन्या दगडखाणीत. दगड, चिखल, उभे चढ; गाडी मोडली की बाहेर. आज गुरुवार होता, दुपारचे तीन.

ड्रायव्हर खाली उतरला आणि पुढच्या एक्सलकडे बघत राहिला. कपाळावर हात मारायचंही त्याला सुचलं नाही. हा एक्सल त्यानेच भंगारातून शोधून आणला होता. एक्सलच्या पोटातला गिअरचा गोळा डावीकडे होता आणि यांच्या गाडीत इंजिनाकडून येणारा दांडा उजवीकडे. तेव्हा तोडगाही त्यानेच काढला होता: एक्सल उलथा करून बसवायचा, म्हणजे गोळा आपोआप उजवीकडे येईल. मेहुण्याने एकदाच विचारलं होतं, “फिरण्याचं काय होईल?” आणि हा शहाणा म्हणाला होता, “चाक गोल असतं. त्याला काय, कसंही फिरतं.”

मग मेहुण्याने एक्सलची उलटी झालेली दोन्ही टोकं कापली, माप धरून सरळ केली आणि पुन्हा जोडली. तीन आठवडे लागले. सांधे इतके सफाईदार की बोट फिरवलं तरी कळू नयेत. आता ते परत कापायचे म्हणजे आणखी तीन आठवडे.

“चूक माझी आहे,” ड्रायव्हर म्हणाला.

 मेहुण्याने हातमोजे काढले, वेल्डिंगचा मुखवटा पेटीत ठेवला, पेटी उचलली आणि शेडबाहेर निघून गेला.

तो असाच एकदा निघून गेला होता, बारा वर्षांपूर्वी. ड्रायव्हर तेव्हा इस्पितळाची रुग्णवाहिका चालवायचा. सत्तावीस वर्षं त्याने तेच केलं. एका सकाळी मागे झोपवलेला रुग्ण म्हणजे त्याचे सासरे होते. सोबत परिचारिका होती आणि मेहुणा मोटरसायकलवरून मागून येत होता. रस्ता नुकताच उकरून ठेवलेला. प्रत्येक खड्ड्याला म्हातारा कळवळायचा, म्हणून ड्रायव्हरने वेग कमी केला. इस्पितळाच्या दारात पोचले तेव्हा उशीर झाला होता. सगळ्या नातेवाइकांसमोर मेहुणा म्हणाला, “फिरायला निघाल्यासारखी गाडी आणलीत तुम्ही.” त्यानंतर त्याने बहिणीच्या घराचा उंबरा ओलांडला नाही.

निवृत्त झाल्यावर ड्रायव्हरच्या डोक्यात या गाडीचं खूळ शिरलं. जन्मभर रुग्णाला धक्का लागू नये म्हणून जपलं, आता एकदा दगडांवरून गाडी घालायची होती. वेल्डर हवा होता. बायकोने परस्पर भावाला गाठलं, त्याला काय सांगितलं ते तिचं तिलाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी तो पेटी घेऊन आला. आठ महिने दोघं एका शेडमध्ये होते, पण बोलणं सगळं लोखंडाशी. “सोळाचा पाना मिळाला तर बरं.” “इथे जरा धरायला हवं.” तू नाही, तुम्ही नाही, दाजी तर नाहीच. तरी ड्रायव्हरला वाटायचं, एवढं आहे तर पुढचंही होईल. स्पर्धा झाली की कदाचित तो घरी येईल, जेवायला बसेल. खरं म्हणजे गाडीपेक्षा त्याला याचीच जास्त ओढ लागली होती.

“गेला?” बायको चहा घेऊन दारात उभी होती. तीन कप होते.

“गेला. जाणारच. तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात घातली मी त्याची.”

“ओरडला?”

“तेच ना. ओरडला असता तर बरं झालं असतं.”

बायकोने उलट्या चाकांच्या त्या गाडीकडे एकदा निरखून पाहिलं. “एरवी सवत म्हणते मी हिला,” ती म्हणाली, “पण हिचं तोंड बघून आज दयाच येते हो.” तिसरा कप तिनेच पिऊन टाकला.

शुक्रवारी सकाळी ड्रायव्हर शेडमध्ये आला तेव्हा मेहुणा आधीच गाडीखाली होता. मागच्या एक्सलचे बोल्ट सोडत होता.

“अरे, बिघडलाय तो पुढचा!”

“पुढच्याला हात लावायचा नाही,” मेहुणा खालूनच म्हणाला. “मागचाही उलथा करायचा, त्याचा गोळा मधोमधच आहे. स्प्रिंगच्या पाट्यांना दोन नव्या बैठका जोडल्या की झालं, दिवसाभराचं काम. मग चारही चाकं उलटी फिरतील.”

“म्हणजे पहिल्या गिअरमध्ये गाडी मागे जाणार?”

“पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. चारही गिअर मागे जायचे. आणि रिव्हर्स टाकला की पुढे.”

ड्रायव्हर मटकन टायरवर बसला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. गाडीखालूनही कसलासा आवाज आला. तो हसण्याचा असावा, पण खात्रीने सांगता येत नव्हतं.

मेहुणा बाहेर सरकला, उठून बसला. तोंडाला ग्रीस लागलं होतं. “एक भानगड आहे मात्र. गिअरचे दात उलट्या बाजूने ओढणार, ती बाजू नाजूक. कोणी जोरात दामटली, एकदा जरी आपटली, तर दात गेले समजा. ही गाडी धक्का न देता चालवणारा माणूस पाहिजे.” तो पान्याशी चाळा करत थांबला. “तुमच्याशिवाय कोणाला जमायचं नाही, दाजी.”

 ड्रायव्हरने जॅक पुढे ओढला आणि म्हणाला, “चल, तू ती बाजू धर.”

रविवारी खाणीच्या तोंडाशी तपासनीस गाडी बघायला आला. ब्रेक पाहिले, पाइपांचा सांगाडा ठोकून पाहिला, आणि म्हणाला, “जरा पुढे घ्या.” ड्रायव्हरने रिव्हर्स टाकला, गाडी घरघरत पुढे आली. तपासनिसाने गिअरच्या दांड्याकडे पाहिलं, मग दोघांच्या तोंडाकडे. “हे मुद्दाम केलंय?”

“हो,” मेहुणा ठसक्यात म्हणाला.

“नियमात बसत नाही असं कुठे लिहिलेलं नाही,” तपासनीस पुटपुटला आणि त्याने शिक्का मारला.

बाकीच्या गाड्या गर्जना करत दगडांवर तुटून पडत होत्या. कोणाचा दांडा मोडला, कोणाचं चाकच निखळलं. यांची गाडी पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने निघाली. मेहुणा पुढे उलटा चालत हाताने खुणा करायचा: डावीकडे, अजून थोडं, बस. उभ्या चढावर त्याने गाडी वर ओढून घ्यायच्या विंचचा दोर खांद्यावर टाकून वरपर्यंत नेला आणि लोखंडी खुंटाला बांधला. वरची मंडळी आधी हसत होती, नंतर टाळ्या वाजवू लागली. पंचवीस गाड्यांत त्यांचा नंबर नववा आला, कारण शेवटपर्यंत पोचल्या होत्या नऊच.

खाणीपासून मोठा रस्ता तीन किलोमीटर होता. गाडी न्यायचा ट्रक तिथे उभा होता. तिथवर जायलाही तोच एक गिअर. मेहुणा शेजारी बसला होता, चिखलाने पार माखलेला. धडधाकट गाड्या हॉर्न देत, हात हलवत पुढे निघून गेल्या आणि रस्ता मोकळा झाला.

“दाजी,” मेहुणा म्हणाला, “त्या दिवशी बाबा गाडीत काही बोलले होते का?”

बारा वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. ड्रायव्हरने गाडी आणखी हळू केली. 

“बोलले ना. म्हणाले, खड्डा आला की आधी सांगा, म्हणजे मी घट्ट धरून ठेवतो. मग मी एकेक खड्डा सांगत गेलो. आणि मधून मधून विचारायचे, पोरगा येतोय का मागून? मी आरशात बघायचो, सांगायचो, येतोय बाबा, मागेच आहे.”

“शेवटपर्यंत विचारत होते?”

“शेवटपर्यंत. आणि तू होतासच की रे मागे.”

मेहुण्याने तोंड बाहेरच्या बाजूला वळवलं. गाडी घरघरत राहिली. एवढ्या वेळात पायी निघालेला एक म्हातारा त्यांच्या पुढे गेला. मेहुण्याने चिखलाच्या बाहीने डोळे पुसले, नीट सरळ बसला आणि रस्त्याकडे बघू लागला.

“पुढे खड्डा आहे, दाजी,” तो म्हणाला.