मोठ्या बाई जेवायला बसल्या

मोठ्या बाईंना बाहेर जेवायला नेणं म्हणजे मुख्याध्यापकांना दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसवण्यासारखं होतं. बसतील, पण लक्ष फळ्यावरच्या चुकांकडेच.

इस्पितळाच्या स्वयंपाकघरात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती, त्यातली शेवटची एकोणीस प्रमुख म्हणून. चारशे माणसांचं दोन्ही वेळचं जेवण, त्यात कुणाला बिनमिठाचं, कुणाला पातळ, कुणाला नुसतं उकडलेलं, हे सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. ‘मोठ्या बाई’ हे नाव तिथलंच. अंगाने त्या चिमूटभर होत्या, पण त्या दारातून आत आल्या की डाव आणि झारे आपणहून जागेवर जाऊन बसतात, असं तिथली माणसं म्हणायची.

निवृत्त होऊन तीन आठवडे झाले होते. तेवढ्यात त्यांनी घरातल्या सगळ्या बरण्या दोनदा रिकाम्या करून दोनदा भरल्या, आणि सूनबाईंना स्वतःच्याच घरात साखर सापडेनाशी झाली. मुलगा वीजजोडणीची कामं करायचा. तो घरी आला की बाई त्याला मोडलेलं काहीतरी काढून द्यायच्या, आणि काही मोडलेलं नसलं की गप्प बसायच्या. ते जास्त अवघड होतं.

“आई, रविवारी दुपारी आपण सगळे कोपऱ्यावर जेवायला जायचं,” शेवटी तो म्हणाला. “तू काही करायचं नाहीस. नुसतं बसायचं.”

“नुसतं बसून घास खाली उतरतो का?”

बाई घरीसुद्धा ओट्याशी उभ्याने जेवायच्या, सगळ्यांचं झाल्यावर. पण नऊ वर्षांच्या नातीने, चिमणीने, त्यांचा हात धरला, आणि तिच्यापुढे बाईंचं कधीच काही चालत नसे.

कोपऱ्यावरचं ते उपाहारगृह दातांच्या दवाखान्याच्या खाली होतं. अकरा टेबलं, खिडकीत तीन कुंड्या, भिंतीवर फळा आणि त्यावर खडूने लिहिलेली पदार्थांची यादी. आत स्वयंपाक करायचा दीर आणि बाहेर वाढायची भावजय. दीर आतून दिवसभर “वहिनी, चार नंबर!”, “वहिनी, सूप!” अशा हाका मारायचा, त्यामुळे त्या बाईला सगळी गल्ली वहिनीच म्हणायची. सत्तरीचे आजोबाही वहिनी म्हणत आणि शाळेतली पोरंही. पन्नाशीची, उंच, केस घट्ट बांधलेली. चालायची भरभर, पण कुणाच्या खुर्चीला तिचा धक्का लागलेला कुणी पाहिला नव्हता.

बाई बसल्या त्या पाहणीलाच. काटा उजेडात धरून पाहिला. ग्लासाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग टेबलाच्या खालून हात फिरवला.

“आजी, काय शोधतेस?”

“चिकटवलेलं च्युइंगम.”

“सापडलं?”

“नाही,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा पडलाच.

वहिनी आली. तिच्या हातात कागद नव्हता, पेन्सिल नव्हती. चौघांचं ऐकून घेतलं, एकदाही परत विचारलं नाही, आणि चिमणीकडे बघून म्हणाली, “छोटीचे बटाटे आधी आणते. भुकेलं मूल आणि उतू जाणारं दूध, दोघं थांबत नाहीत.”

ती गेली. बाई तिच्या पाठीकडे बघत राहिल्या.

“काय झालं, आई?” सूनबाईंनी विचारलं.

“काही नाही. शहाणी आहे.”

मुलाने आणि सुनेने एकमेकांकडे पाहिलं. असला शब्द या तोंडून लग्नानंतरच्या बारा वर्षांत सुनेने फक्त एकदा ऐकला होता, तोही एका कुकरबद्दल.

बटाटे आले, चिमणी तुटून पडली. अकराही टेबलं भरली होती, दारात आणखी दोन कुटुंबं उभी होती. आणि ऐन गर्दीत आतून मोठ्ठा आवाज आला. भांडं आपटल्याचा, पाठोपाठ माणसाचा. “आई गंऽऽ!”

सगळ्यांच्या माना आतल्या दाराकडे वळल्या. हातातल्या दोन प्लेटा वहिनीने टाकल्या नाहीत. ज्यांच्या होत्या त्यांच्यापुढे ठेवल्या आणि मगच ती आत गेली. ही गोष्ट बाईंनी टिपली.

मिनिटभराने ती बाहेर आली आणि टाळी वाजवली. “मंडळी, घाबरू नका. कुणी भाजलेलं नाही, काही पेटलेलं नाही. पातेलं उचलताना आमच्या भाऊजींच्या कंबरेत उसण भरलीय. ते आत आडवे आहेत, आणि छताकडे बघून मला शिव्या देतायत, म्हणजे तब्येत ठीक आहे.”

लोक हसले. एका टेबलावरून वरच्या दवाखान्यातले दातांचे डॉक्टर उठले. रविवारी ते सहकुटुंब इथेच जेवायचे. “मी बघू का?” म्हणाले. “पण मी दातांचा आहे हं.”

“चालेल, निदान दात-ओठ खातायत ते तरी बघा,” वहिनी म्हणाली आणि त्यांना आत धाडलं.

मग ती टेबलाटेबलापाशी गेली. सगळ्यांना मिळून एकच घोषणा तिने केली नाही. प्रत्येकाला वेगळं सांगितलं. सूप तयार आहे, पाव आहे, ऑम्लेट मी स्वतः करते, फळ्यावरचं बाकी आज विसरा. वेळ लागेल. ज्यांना घाई आहे त्यांनी खुशाल जावं, राग नाही. दारातल्या दोन कुटुंबांना तिने हात जोडून परत पाठवलं, त्यातल्या म्हाताऱ्या गृहस्थांना मात्र आधी पाणी दिलं. मग आतल्या भांडीवाल्या काकांना बाहेर बोलावून ताटं न्यायच्या कामाला लावलं, आणि स्वतः आत शिरली.

बाईंच्या टेबलावर तिघंही त्यांच्याकडे बघत होते. मुलाने तर त्यांची खुर्ची मागे सरकायला जागा करून ठेवली. आता आई उठणार हे त्याला सूर्य उगवण्याइतकं ठाऊक होतं. आणि बाई उठल्याच. पदर खोचला आणि थेट स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

“मी एकोणीस वर्षं चारशे माणसांचं स्वयंपाकघर चालवलंय,” त्या म्हणाल्या. “सांगा, काय करू?”

वहिनीने मान वर केली नाही. तिच्यापुढे तीन तवे होते. “बसा, काकू.”

“बसू?”

“हो. इथलं काय कुठे आहे ते माझ्या हाताला माहीत आहे. तुम्हाला सांगत बसले तर माझं मन दोन ठिकाणी होईल आणि ऑम्लेट एका ठिकाणी जळेल. राग मानू नका. तुम्ही जेवायला आलाय ना?”

बाईंना दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं तर घरी जाईपर्यंत त्यांचं तोंड फुगलेलं असतं. पण हेच वाक्य, थोडं कमी गोड, त्यांनी स्वतः किती जणांना ऐकवलं होतं! मदतीला धावलेल्या नव्या नर्सना, पाहणीला आलेल्या साहेबांना, एकदा तर खुद्द इस्पितळाच्या अधीक्षकांना. ऐन गर्दीत पाहुण्याचे दोन हात म्हणजे चार हातांचं काम वाढतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

तरी त्या लगेच हलल्या नाहीत. क्षणभर बघत उभ्या राहिल्या. कोपऱ्यात पोत्यांवर दीर उताणा पडला होता, उशाशी डॉक्टर त्याच्या पाठीखाली टॉवेलाची गुंडाळी सारत होते. सूपच्या पातेल्यावर झाकण उलटं ठेवून त्यावर रिकाम्या प्लेटा गरम होत होत्या. मधला तवा मोठ्या आचेवर, बाजूचे दोन मंद. आणि अंडं. वहिनी प्रत्येक अंडं आधी एका वाटीत फोडत होती, बघत होती, मग मोठ्या भांड्यात ओतत होती. बाहेर चाळीस माणसं ताटकळत बसलेली, आत तिच्या हाताकडे कुणी बघणारं नाही, आणि तरी एकही अंडं तिने सरळ भांड्यात फोडलं नाही. एक नासकं निघालं तर सगळी अंडी वाया जातात. हे बाईंनी आपल्या माणसांना एकोणीस वर्षं घसा कोरडा करून शिकवलं होतं, आणि पाठ वळताच निम्मे जण विसरायचे.

त्या परत आल्या आणि खुर्चीवर बसल्या. नुसत्या टेकल्या नाहीत, पाठ टेकवून बसल्या.

“काय झालं, आई?” मुलगा घाबरला. “हाकललं की काय?”

“हो,” बाई म्हणाल्या, आणि हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

“जायचं का घरी? मी पटकन खिचडीबिचडी...” सूनबाई अर्धवट उठल्या.

“कुठे जायचं नाही. जेवण येईल. तिने सांगितलंय येईल, म्हणजे येईल.”

वाट बघायची म्हटलं की बोलावं लागतं. चिमणीने विचारलं, “आजी, तुझ्या स्वयंपाकघरात कुणाला उसण भरली तर तू काय करायचीस?”

“उसण काय घेऊन बसलीस! एकदा तर वाफेचा बॉयलरच बंद पडला. सकाळी साडेनऊला. चारशे माणसांचे बटाटे कच्चे.”

“मग?”

“मग मी विचार केला, या इमारतीत वाफ आणखी कुठे असते? धुलाईखात्यात! चादरी निर्जंतुक करायचं ते मोठं यंत्र असतं ना, ते रिकामं करवून घेतलं, घासूनपुसून काढलं आणि त्यात बटाटे लावले.”

मुलगा हातातला ग्लास तसाच धरून ऐकत होता. “चादरींच्या यंत्रात?”

“बारा वाजता जेवण वेळेवर गेलं. कुणाला पत्ता लागला नाही. फक्त एका आजोबांनी नर्सबरोबर निरोप पाठवला, आजचे बटाटे फार स्वच्छ लागले म्हणून.”

सूनबाई एवढ्या हसल्या की शेजारचं टेबल वळून बघायला लागलं. मग ते टेबलही ऐकायला लागलं. बाईंनी आणखी एक किस्सा सांगितला, मग आणखी एक.

“हे तू कधी सांगितलं नाहीस,” मुलगा हळूच म्हणाला. त्याचा चेहरा लहानपणी व्हायचा तसा झाला होता. तो झोपेतून उठायच्या आधीच बाई कामाला गेलेल्या असायच्या, आणि संध्याकाळी परत येऊन पुन्हा ओट्याशी उभ्या. आईची नोकरी त्याला डब्याच्या वासापुरतीच ठाऊक होती.

“सांगणार कधी? सांगायला बसावं लागतं,” बाई म्हणाल्या.

पाऊण तासाने सूप आलं. भांडीवाल्या काकांनी ते असं आणलं, जणू काचेचं बाळ आणतायत. पाठोपाठ ऑम्लेटं आली, कडा न जळलेली, प्लेटची किनार पुसलेली, प्लेट हाताला गरम. बाईंनी पहिला चमचा तोंडात घातला. तिघं श्वास रोखून बघत होते. या घरात बाईंच्या कौतुकाची वरची पायरी म्हणजे ‘चालेल’.

“छान आहे,” बाई म्हणाल्या. “फार छान आहे.”

“बाबा,” चिमणी कुजबुजली, “आजीला पण उसण भरली का?”

सगळी टेबलं जेवून उठायला तीन वाजले. मधेच कुणीही उठून गेलं नव्हतं. वहिनी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि घट्ट बांधलेल्या केसांतली एक बट सुटली होती. ती बाईंच्या टेबलापाशी थांबली.

“काकू, मघाशी तोडून बोलले.”

“बरोबर बोललात. मी असते तर आणखी तोडलं असतं,” बाई म्हणाल्या. मग जे त्यांनी आपल्या हाताखालच्या माणसांना कधी मोकळेपणाने म्हटलं नव्हतं, ते म्हणाल्या. “मी पुष्कळ हात पाहिलेत. तुमच्यासारखे दोन-तीनच. घाईने तुमचा हात बिघडत नाही.”

वहिनीने उगीचच टेबल पुसलं, जे पुसलेलंच होतं. आतून दीर ओरडला, “वहिनी, मला उठवता की इथेच कोथिंबीर पेरताय?” तशी ती पळाली.

बुधवारी दुपारी बाई एकट्याच कोपऱ्यावर गेल्या. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. एकटीने जाऊन जेवायला बसायचं हे त्यांनी जन्मात केलं नव्हतं, त्यामुळे दारात दोनदा पाय अडखळला. पण वहिनीने लांबूनच खिडकीजवळचं टेबल दाखवलं, जसं काही ते त्यांचंच ठरलेलं होतं. आत दीर उंच स्टुलावर बसून हातवारे करत होता, कंबरेला पट्टा बांधलेला. त्याच्या जागी वहिनी चुलीशी आणि काका बाहेर, अशी कसरत चालली होती.

सूप ठेवून वहिनी तिथेच उभी राहिली. “काकू, रविवारी मीच तुम्हाला नको म्हटलं. आता मीच विचारते. डॉक्टरांनी, खऱ्या डॉक्टरांनी हं, भाऊजींना तीन आठवडे वाकू नका म्हणून सांगितलंय. सकाळी दोन तास याल का? गर्दीच्या आधी. कुठे काय आहे ते निवांतपणे दाखवीन.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. येणार हे त्यांना स्वतःला चमचा उचलायच्या आधीच ठाऊक होतं.

“सांगते,” त्या म्हणाल्या. “आधी जेवू दे.”

आणि त्या जेवल्या. बाहेर एक बाई कुत्र्याला ओढत होती आणि कुत्रा तिला उलट्या दिशेने ओढत होता. तो सामना संपेपर्यंत बाईंनी सावकाश सूप संपवलं, आणि मग आणखी पाव मागवला.