उरलेले तीन मासे

शेषेरावांच्या बायकोच्या, तारामतीच्या, माशांच्या पेटीत पाच गोल्डफिश होते. ती गेल्यावर पाच महिन्यांत दोन मेले आणि पाणी हिरवं पडलं. उरलेले तीन तरी जगावेत म्हणून शेषेराव पेटीतलं पाणी दाखवायला बाटलीत भरून निलंग्याहून एसटीनं लातूरला शोभेच्या माशांच्या दुकानात आले. पाण्यावर तरंगणारं बिनकटकटीचं एखादं रोप टाका, असं शेजारच्या शांतम्मानं सांगितलं होतं. दुकानदार संगमेश तिचाच भाचा. त्यामुळे शेषेराव दुकानात शिरले ते संशय घेऊनच.

संगमेशनं तीन डबे पुढं मांडले. पहिल्यात जलपर्णी होती.

"ही? तीस वर्षं कालव्यातून ओढून काढली म्या. आन् तू मलाच विकायलास?"

"ऱ्हाऊ द्या काका. ही कोबीवानी दिसती ती बघा."

"मुळं लई लांब हायत. मासे अडकतेत."

"मग ही घ्या." तिसऱ्या डब्यात हिरव्या टिकल्यांचा थर होता. "डकवीड. खत न्हाई, छाटणी न्हाई. वाढलं तर मूठभर काढून टाकायचं. ओंजळभर न्या, फुकट."

फुकट म्हटल्यावर शेषेराव स्टुलावरून उठलेच. "रोगट हाय का?"

संगमेश त्यांनी आणलेली बाटली उजेडात धरून बघत होता. तळाशी पांढरा गाळ बसला होता.

"काका, पेटीत भात टाकता का?"

शेषेराव म्हणाले, "दहाव्याला तिच्या पिंडाला कावळा शिवला न्हाई. शेवटी दर्भाचा करून शिववला. तिचा जीव माशांत अडकला असंल. म्हणून रोजचा घास त्येंलाच देतो."

"भात कुजतो, काका. त्यानंच पाणी नासलं."

दोन माशांचं खापर हा आपल्याच डोक्यावर फोडतोय, असं शेषेरावांना वाटलं. तरी डकवीडची पिशवी त्यांनी घेतली आणि घरी येऊन पेटीत सोडली.

सकाळी बघतात तर निम्म्या टिकल्या गायब. घराची दुसरी किल्ली शांतम्माकडे असायची. भाचा फुकट देतो आणि मावशी परत नेते, असा हिशेब त्यांनी मनात जुळवला आणि भात लावायच्या आधी तिचं दार वाजवलं.

"पेटीतलं हिरवं तू नेलंस का?"

शांतम्मानं त्यांच्याकडं खालून वर पाहिलं. "व्हय भाऊ. रात्री त्याचीच भाजी केली. मीठ कमी पडलं."

शेषेराव घरी आले. भात झाल्यावर ताटली घेऊन पेटीसमोर बसले. हात पाण्यापर्यंत गेला आणि थांबला. मोठा मासा वर आला होता. त्यानं एक टिकली ओढली, मग दुसरी. त्याच्या मागून धाकटाही आला आणि खाऊ लागला.

पाच महिन्यांत मासे असे वर आलेले त्यांनी पाहिले नव्हते. भात तळाशी जायचा आणि तिथंच पडून राहायचा.

त्यांनी उठून ताटली अंगणातल्या भिंतीवर ठेवली. कावळा येतो का, हे बघायला ते थांबले नाहीत. आत येऊन पुन्हा खुर्चीत बसले आणि तिसरा मासा वर येईपर्यंत उठले नाहीत.