बुरशीचे लाड

बुरशीचा अभ्यास करते म्हणून गाव जिला बुरशीबाई म्हणायचं, तिचे मामा कुठेही निघाले की आधी पोट पोचायचं, मग आवाज, आणि खुद्द मामा चहा होता होता यायचे. त्या दिवशी मात्र तिन्ही एकदमच मास्क चढवून तिच्या प्रयोगशाळेच्या आतल्या खोलीत घुसले, आणि मामांच्या कोपराने बुरशीची काचेची बशी खाली पडून फुटली. घंटा वाजली, दारावर लाल दिवा लागला. दोन्ही दारं आपोआप बंद. खोलीतली हवा गाळून स्वच्छ होईपर्यंत ती ब्रह्मदेवालाही उघडत नाहीत.

"आता गं?"

"आता बसायचं, मामा."

बसायला स्टूल एकच. त्यावर मामा. ती कपाटाला पाठ लावून उभी, आणि मामांचे गुडघे तिच्या गुडघ्यांना टेकलेले.

गोदामापाशी मामांच्या पिठाच्या गिरणीचे ट्रक मका भरायला उभे होते. तिथल्या मक्यावर बुरशी आली होती, आणि ती विषारी आहे का, हे सांगणं भाचीचं काम. तिने बुरशी बशीत साखर घालून वाढवली, तिचे लाड केले, आणि तपासणीत विष निघालं शून्य. ते शून्य मामांनी गावभर मिरवलं. आज बुरशीच्या जनुकांचा अख्खा नकाशा हाती आला. विष बनवणाऱ्या जनुकांची रांगच्या रांग शाबूत, फक्त झोपलेली! आयतं खायला मिळाल्यावर विष कालवत कोण बसतंय? शेतात, तहानलेल्या कणसावर, ती जागी झालेली असू शकते. बशी तपासली आणि मका राहिला, ही चूक तिचीच.

"झोपलीत ना? मग झोपू दे की बिचारी!"

"मका तपासते. तोवर गोदाम बंद."

"आई गेल्यावर याच खांद्यावर बसून जग बघितलंस, बये. आता मलाच खाली पाडतेस?"

वरचा पंखा घरघरत होता.

मामांनी मास्क ओढून काढला आणि अशी छाती भरून हवा घेतली, की तिच्या डोक्यावरची टोपी त्यांच्याकडे झुकली. "बघ! मेलो का? आता सांग गोदामवाल्याला, हो म्हणून."

भिंतीवरच्या फोनवर गोदामवाला केव्हाचा ताटकळत होता. तिने बटण दाबलं. मामांचा श्वास तिच्या मनगटाला लागत होता.

"गोदामाचं दार उघडू नका. ट्रक रिकामे परत पाठवा. माझी तपासणी चुकलीय."

एरवी असं बोलून माणूस तिथून सटकतो. तिला पाऊल मागे घ्यायलाही जागा नव्हती. मामांनी तोंड फिरवलं, पण फिरवून फिरवून किती फिरवणार? नाक भिंतीला लागलं, आणि दारावरचा लाल दिवा काही विझेना.