डावी कळी

दादू गुरवाने उभ्या आयुष्यात एकच लबाडी केली, पण केली ती थेट देवासमोर.

पालीच्या अलीकडच्या त्याच्या गावात कौल लावल्याशिवाय कुणी घराचा पाया खणत नसे, की पोरीची सोयरीक जमवत नसे. गुरवाने फुलाच्या दोन कळ्या पाण्यात भिजवून देवाच्या दोन खांद्यांना चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि सगळ्यांनी टक लावून बसायचं. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नको. सन सव्वीसच्या उन्हाळ्यात केरू विचारायला आला की शेताच्या खालच्या अंगाला विहीर खणू का. खालचं अंग म्हणजे दादूच्या विहिरीपासून वीस पावलं. आपलं पाणी आटणार, अशी दादूला भीती वाटली. त्याने उजवी कळी चांगली निथळती लावली आणि डावीला पाणी नुसतं दाखवलं. डावी लगेच पडली. केरूने मुकाट हात जोडले आणि वरच्या काजूंजवळ खणायला घेतलं.

तिथे अठरा हातांवर असं पाणी लागलं की मे महिन्यातही कळशी बुडावी. पुढे नारळीसाठी म्हणून केरूने न विचारताच खालच्या जागेतही खणून पाहिलं, तर जांभ्याखाली काळा कातळ. पाण्याचा टिपूस नाही. देवाने आधीच सांगितलं होतं, आपणच शहाणपण केलं, म्हणून तो माफी मागायला देवळात आला. माफी मागितली ती दादूकडे बघून. दादूला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तेव्हापासून दरवर्षी चैत्रात विहिरीचा उपसा झाला की केरू पहिली कळशी आणि एक नारळ देवाला आणी. आठवं वर्ष आलं. कळशी ठेवून केरूने भर देवळात दादूचा हात धरला, कपाळाला लावला आणि चारचौघांना सांगितलं की या हातासारखा खरा हात तालुक्यात नाही.

घरी येऊन दादूने बायकोला सगळं सांगितलं. तुळसा भाकऱ्या थापत होती. तिने थापणं थांबवलं नाही. पाणी मिळालं, शेत पिकलं, मग वाईट झालं कुणाचं, असं तिने विचारलं. कुणाचंच नाही, दादू म्हणाला, तेच तर खुपतं. काही बिघडलं असतं तर भरून तरी देता आलं असतं. तुळसाने भाकरी तव्यावर टाकली.

"आवो, त्येला सांगून तुमचं मन हलकं हुईल," ती म्हणाली. "त्येचं काय हुईल?"

नवऱ्याने बायकोचं ऐकायचं नसतं असा गावचा रिवाज होता, आणि दादू रिवाजाला पक्का. दुसऱ्या दिवशी तो केरूच्या अंगणात जाऊन बसला. केरूची लेक चिमा गूळपाणी ठेवून आत गेली. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याने टाकली तेव्हापासून ती माहेरीच होती. दादूने मान खाली घालून विहिरीची हकिगत सांगितली, एक अक्षर न गाळता. सांगून होताच त्याला खरोखर हलकं वाटलं. इतकं, की समोरचा तांब्या त्याने घटाघटा संपवला.

केरू रागावला नाही. उलट हसला.

"म्हंजे तुज्या लबाडीचं पानी पितो मी. बरं झालं की, दादा. माजं काय गेलं?"

दादू उठायला लागला. केरू मात्र विहिरीकडे बघत राहिला आणि हळूहळू त्याचं हसू उतरलं.

"चिमाला पालीच्या काशीरामाचं सांगून आलं व्हतं. तू कळ्या लावल्यास. डावी पडली, म्हून तिला दुसरीकडं दिली."

"ती खरी, केरू. देवाशपथ खरी."

"आसंल." केरूचा आवाज चढला नाही. "पन इहिरीच्या येळेलाबी तू देवाचंच नाव घेतलं व्हतंस. पोर परत आली तवा मी तिला सांगितलं, देवाची मर्जी. तेवढ्यावर ती उभी हाय. आता काय सांगू तिला?"

दादू खरंच बोलत होता. काशीरामाच्या वेळच्या दोन्ही कळ्या त्याने सारख्या भिजवल्या होत्या. पण हे जाणणारा सगळ्या गावात तो एकटाच होता, आणि त्याची साक्ष कालपर्यंतच चालणारी होती. आठ वर्षं ज्याचं काही वाईट झालं नव्हतं, त्याचं आज झालं, आणि ते आपण खरं बोलून केलं, हे त्याला त्या अंगणात कळलं. मघाशी हलकं वाटल्याची त्याला फार लाज वाटली.

महिन्याभराने चिमाच्या सासरहून निरोप आला, पोरीला पाठवा. केरू सवयीने देवळापर्यंत आला आणि पायरीवर थांबला. दादू धावत बाहेर आला. कळ्या तुझ्या डोळ्यांदेखत भिजवतो, तू नीट बघ, असं तो काकुळतीला येऊन म्हणाला.

"बगीन की," केरू म्हणाला. "पन देवाकडं बगू, का तुज्या हाताकडं?"

त्याने बाहेरूनच नमस्कार केला आणि लेकीला पाठवायचं की नाही, हे न विचारताच तो घरी परतला. दादू हातातल्या दोन कळ्या घेऊन तसाच उभा होता.