समुद्राच्या तळाशी तळं

जहाजावरच्या चिंचोळ्या खोलीत दोघी बहिणी संगणकाच्या पडद्याला डोळे लावून बसल्या होत्या. धाकटी खोल समुद्रात सोडलेलं यंत्र चालवत होती. थोरली भूगर्भशास्त्रज्ञ. इथं तळाशी कढत, समुद्राहूनही कितीतरी खारं पाणी साठलंय, असं ती कित्येक वर्षं सांगत आली होती आणि लोक ते हसण्यावारी नेत होते.

यंत्राचा उजेड तळावर पडला आणि धाकटीचा हात थबकला. समोर चक्क काठ होता, आणि काठापलीकडे तळं.

"ताई, पाण्याच्या पोटात पाणी?"

"मिठानं जड झालंय, म्हणून वरच्या पाण्यात मिसळत नाही. टेकव हळूच."

धाकटीनं यंत्र खाली घेतलं, पण ते बुडेचना! बदकासारखं तळ्यावर डुलायला लागलं. तापमानाचा आकडा भराभर चढला. यंत्राच्या धक्क्यानं एक संथ लाट उठली आणि काठाकडे निघाली.

धाकटी थोरलीकडे वळली. "अगं, तुझंच खरं निघालं! बोल ना काहीतरी."

थोरलीचे डोळे डबडबले होते. "गप्प बस गं जरा," ती कुजबुजली. "बघू दे मला."

लाट काठाला टेकली आणि सावकाश माघारी वळली.