मनकर्णाबाईचा डावा खांदा

चकलांब्यात मारुतीपुढं तीन महिने रोज सकाळी म्हाताऱ्या बायांचा व्यायाम चालला होता. शेवटच्या दिवशी माया सिस्टरनं एकेकीला हात वर करायला लावले. मनकर्णाबाईचे दोन्ही खांदे आखडलेले होते. आता उजवा हात सरळ आभाळाकडं गेला. डावा मात्र पहिल्या दिवसासारखाच खांद्यापाशी अडकला.

"मावशी, एकच खांदा कसा काय मोकळा झाला?" सिस्टर चक्रावली.

मनकर्णाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. समोरच्या पारावर थोरले दीर सटवाजी रोजच्यासारखे तंबाखू मळत बसले होते. इतर बायांचे पदर घसरले तर घसरले, त्यांचे दीर काही पारावर नव्हते. हिनं मात्र डाव्या हातानं तीन महिने पदर धरून ठेवला आणि व्यायाम केला एकट्या उजव्यानं. पदर जाग्यावर राहिला, खांदाही तसाच राहिला.

"अजून तीन महिने चालवायचं का?" सिस्टरनं सगळ्यांना विचारलं.

"चालवा," मनकर्णाबाई म्हणाली आणि पाराकडं वळली. लग्नाला पन्नास वर्षं झाली होती, पण थोरल्या दिराशी ती समोरासमोर कधी बोलली नव्हती.

"भावजी, उद्यापासून तिकडं तोंड करून बसा. माजा डावा हात ऱ्हायलाय."