जयवंताबाईंच्या बदलीची ऑर्डर

मित्रांनो, मी वेताची जुनी खुर्ची. लाकूड सागाचं, जन्म अकोल्याचा. एका जिनिंग फॅक्टरीच्या ऑफिससाठी सुताराने मला घडवलं. माझी तरुण वर्षं सरकीच्या वासात गेली. हंगामात कापसाचे पुंजके माझ्या वेतात अडकायचे आणि दिवाणजी ते नखाने काढत बसायचे. भेटायला येणारा प्रत्येकजण माझ्या हातांवरून हात फिरवून म्हणायचा, काय गुळगुळीत काम आहे. मग फॅक्टरी बंद पडली. मी गोदामात गेले, माझा वेत फाटला, आणि माझ्या पोटाखाली एका मांजरीने पिल्लं वाढवली. तेवढीच सोबत.

पुढे माधवीताईंनी मला उचललं, नवा वेत विणून घेतला आणि अमरावतीला राजापेठेत आणलं. खाली ट्यूशन क्लास, रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न, आणि वरच्या शांत खोलीत मी. ताईंच्या पाटीवर ‘अस्तित्ववादी मानसोपचार’ असं लिहिलं आहे. नाव भारी असलं तरी काम साधं आहे. कशासाठी जगायचं, काय निवडायचं, मरणाच्या भीतीचं काय करायचं, हे मनात दाबून ठेवण्यापेक्षा कुणाशी तरी मोकळं बोलायचं. पण पहिल्यांदा येणारा काहीतरी भलतंच मनात धरून येतो. एक गृहस्थ तर बूट काढून झोपायला पलंग शोधत होते.

तिवस्याच्या जयवंताबाई मात्र सगळ्यांवर ताण. सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्सबाई. मुलगी ज्योत्स्ना त्यांना घेऊन आली आणि बाहेर थांबली. बाईंनी माझ्यावर बसल्याबसल्या बाही वर केली.

“घ्या मॅडम रक्त. उपाशीपोटीच आली मी.”

माधवीताई हसल्या. “मावशी, इथे रक्त घेत नाहीत. गोळ्याही देत नाहीत. आठवड्यातून एकदा तासभर बोलायचं, बस.”

“तासभर? मंग आधी चहा सांगा.”

चहा पिता पिता त्यांनी अडचण सांगितली. नवरा गेल्यापासून त्या तिवस्यात एकट्या होत्या. ज्योत्स्ना म्हणे, अकोल्याला माझ्याकडे या. बाईंच्या तोंडून हो निघेना, नाही निघेना. झोप उडाली होती.

“आता तुमीच सांगा, राहू का जाऊ? तुमी सांगसान ते करतो.”

“ते मी सांगणार नाही, मावशी.”

“काहून?”

“जगायचं तुम्हाला आहे म्हणून.”

बाई चिडल्या. “सारी नोकरी बदलीच्या ऑर्डरवर काढली मी. मोर्शी मनलं का मोर्शी, दर्यापूर मनलं का दर्यापूर. लगन बी बापानंच ठरवलं. ऑर्डर आली का पेटी भरली. तुमी बी काढा एक.”

“मी कोण ऑर्डर काढणारी?”

“मंग कोन काढन?”

खालून पोरांचे पाढे ऐकू येत होते. बाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की माझे सांधे कुरकुरले.

जिन्यात त्या ज्योत्स्नाला म्हणाल्या, “ही बाई काईच करत नाई वं. नुसती पाहून राह्यते.” मला वाटलं, गेल्या त्या गेल्या. पण पुढच्या आठवड्यात त्याच जिन्यावर त्यांच्या चपला वाजल्या. आल्याआल्या तक्रार, जीव अजूनच घाबरा झाला म्हणून. ताई म्हणाल्या, सुरुवातीला असं होतं, होऊ द्या.

“तिवस्यात काय आहे, मावशी?”

“सकायी गल्लीतल्या पोटुशा पोरी ओट्यावर येऊन बसतात. काकू, हे खाऊ का? काकू, पाय सुजले. मले बरं वाटते त्याईले सांगाले.”

“आणि अकोल्यात?”

“नातू हाये.” मग त्या हळूच म्हणाल्या, “अन् तिवस्यात मी एकटीच मेली तं?”

हे त्यांनी आजवर जिथे जिथे काढलं असेल, तिथे लोकांनी ‘असं बोलू नका’ म्हणून त्यांचं तोंड बंद केलं असेल. ताईंनी फक्त विचारलं, “त्याची भीती वाटते?”

“वाटते. कितीकाचे डोये मिटले ह्या हातानं.” बाईंनी आपले तळवे पाहिले आणि त्यांना एकदम हसू आलं. “भरल्या वॉर्डात बी मानूस एकटाच जाते, मॅडम. मी पाह्यलं हाये. मंग त्याच्यासाठी अकोल्याले काहून जाऊ?”

असे काही आठवडे गेले. एके दिवशी बाईंनी ज्योत्स्नाला आत बोलावलं आणि माझ्यावर ताठ बसून म्हणाल्या, “ऐक. ऑर्डर निघाली. श्रीमती जयवंताबाई यांची बदली रद्द. मुक्काम तिवसा. दिवाळीत अन् उन्हाळ्यात डेप्युटेशनवर अकोला.”

“सही कोनाची?” ज्योत्स्ना हसत म्हणाली. मग तिचा आवाज बारीक झाला. “अन् आई, रात्री काही झालं तं?”

“होईन तवा होईन. नातवाची आठवन बी येईन, ते बी सोशीन. तवरक जगू दे बाई मले.”

ज्योत्स्नाने डोळे पुसले आणि मान डोलावली.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी जुनी खुर्ची असेल. तिला अधूनमधून पुसत जा, वेत सैल झाला तर विणून घ्या. ती कुठे ठेवायची ते मात्र खुशाल तुम्ही ठरवा. खोलीत ठेवा, अंगणात ठेवा, आमची हरकत नसते. आजीला मात्र कुठे राहायचं ते आधी विचारा.